पोत्याला नमस्कार करणारे काका

वाळूच्या पोत्याला आधी वाकून नमस्कार आणि मग ठोसे, असा माणूस उभ्या जबलपुरात एकच होता, आणि तो आमचा भाडेकरू होता. ट्रकच्या कारखान्यात जुळणी शिकवायला हे जपानी काका आले होते. तरुणपणी ते तिकडचे मुष्टियोद्धे. ते वेड काही अंगातून गेलं नव्हतं. आमच्या परसातल्या टिनाच्या शेडमध्ये त्यांनी स्वतःची तालीम उघडली, नर्मदेच्या ग्वारीघाटची वाळू पोत्यांत भरून टांगली. शिष्याला ठोसा लागला की हात जोडून माफी मागायचे आणि लगेच दुसरा लगावायचे. उशिरा येणाऱ्याला अंगण झाडायची शिक्षा असल्यामुळे आईच्या हाती वर्षभर झाडू आला नाही. मराठी ते आईकडूनच शिकले. "हात चालून राहिले, पाय काहून झोपले?" असं ओरडायचे तेव्हा मार खाणाराही हसायचा.

जीव मात्र त्याच कारखान्यात कामाला असलेल्या माझ्या दादावर. दिवाळीनंतरच्या कारखान्याच्या स्पर्धेत दादाला रिंगणात पाहायचं, एवढीच त्यांची आस होती. त्यांची स्वतःची सर्वांत मोठी लढत त्यांच्या देशातल्या युद्धात रद्द झाली, ती पुन्हा कधी झालीच नाही.

आणि नेमकं आपल्याकडेही युद्ध सुरू झालं. कारखान्यात डबल ड्यूटी लागली, तालीम ओस पडली, स्पर्धा रद्द झाली. बॉम्बच्या भीतीने पोस्टाच्या खिडक्यांपुढे रचायला पोती मागायला लोक आले, तेव्हा काकांनीच ती उतरवून दिली. मग रोज संध्याकाळी सायकलने सिविल लाइंसच्या त्या पोस्टात जाऊन आपल्या पोत्यांना नमस्कार करून यायचे. पहारेकरी आधी दचकायचा, नंतर तोही सलाम ठोकू लागला.

पोती परत येण्याआधीच काकांचा करार संपला. जायच्या आदल्या दुपारी दादा ग्रीसने माखलेल्या हातांनी, कामावरून थेट शेडमध्ये आला. काकांनी त्याचं मनगट धरून हात उंच केला, विजेत्याचा करतात तसा.

कपडे वाळत घालणारी आई म्हणाली, "अच्छा, जिंकला? पण लढला कोणाशी जी?"

"लढू नाही दिलं, वहिनी. पण तयार होता नं," काका म्हणाले. मग हळूच म्हणाले, "मी पण तयार होतो."

दादाने त्यांचा हात धरून वर केला. काका कितीतरी वेळ तो खाली घेईनात. अशा माणसाला दुसऱ्या दिवशी आम्ही स्टेशनवर सोडून आलो, आणि इतकी वर्षं झाली तरी ते हवे होते असं वाटायचं काही थांबत नाही.