डब्याला कुलूप

शिंपीणबाईंना गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी जुन्या पुस्तकांच्या दुकानात दुरुस्तीची दोन पुस्तकं पुढ्यात घेऊन त्या हटून बसल्या होत्या.

"जाड घ्या काकू," दुकानदार म्हणाला, "यात सगळं आहे."

"सगळं घेऊन डोक्यात घालू कुणाच्या? मला एकच दुखणं शोधायचंय."

त्यांनी पातळ घेतलं. त्यात चित्रं होती, आणि चित्र बघून कापड बेतण्यात त्यांचा जन्म गेला होता.

नवऱ्याची जुनी गाडी दिरांच्या शेडमध्ये धूळ खात होती. सुरू व्हायची, पण एकदा रेस दिली की कमी व्हायचं नाव नाही. दिरांनी निक्षून सांगितलं होतं, "रविवारपर्यंत नीट झाली तर राहू दे, वहिनी. नाहीतर भंगारात."

नवरा कधी पुस्तकाच्या वाटेला गेला नाही. काही मोडलं की बायकोच्या शिवणाच्या डब्यात हात. हूक, इलॅस्टिक, मशीनच्या स्प्रिंगा, सगळं गाडीच्या पोटात. गिऱ्हाईक दारात आणि बटणं गायब! शेवटी बाईंनी वैतागून डब्याला कुलूप ठोकलं. त्याने पुन्हा डब्याला हात लावला नाही. पुढे गाडीही बाहेर काढेनासा झाला. विचारलं तर "बघतो सावकाश," एवढंच. वयामुळे हौस फिटली असेल, असं त्या धरून चालल्या. मग एक दिवस तो गेलाच.

शेडमध्ये बाईंनी बॉनेट उघडलं आणि चित्रावर बोट ठेवून एकेक भाग जुळवू लागल्या. मध्येच आपलं इलॅस्टिक दिसलं, आपला हूक दिसला. "चोर मेला," त्या हसून म्हणाल्या.

पुढच्या चित्रात कार्बोरेटरजवळ एक बारीक स्प्रिंग होती. पेडल सोडल्यावर रेस मागे ओढणारी. गाडीत त्या जागी नुसती दोन भोकं होती. एका भोकात काळ्या दोऱ्याची गाठ होती, पुढचा दोरा तुटलेला. शिवणाच्या मशीनखाली पडलेला तुकडा उचलून त्याने बांधून बघितला असणार.

बाई घरी गेल्या, कुलूप काढलं. तसल्या स्प्रिंगा डब्यात मूठभर होत्या.

एक नेमकी बसली. पेडल दाबून सोडलं की जागेवर येऊ लागलं. गाडी वाचली, आणि शिंपीणबाई चाकाला टेकून ढसाढसा रडल्या.

"अहो, मागायची होतीत ना एक. मी काय नाही म्हटलं असतं?"

म्हटलं असतं. त्यालाही ते ठाऊक होतं.