गुप्तदानाचा गार वारा

हसायचं असेल तर आधी चहा संपवून घ्या, उगाच ठसका लागेल. माझा परवाना मी माझ्याच तोंडाने कसा बुडवला, ते सांगतोय.

आमचा धंदा थंड हवेचा. लाकडी खोका, आत मोठा पंखा, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या, वर पाणी चढवणारा पंप. ग्वाल्हेर दरबारच्या काळात माझ्याकडे बिजलीच्या कामाचा शिक्क्याचा परवाना होता. मग दरबार गेला, मध्य भारत आला. मध्य भारत गेला, मध्य प्रदेश आला. आणि माझा कागद ग्वाल्हेरहून भोपाळला निघालेल्या कुठल्याशा गठ्ठ्यात बसून अजून प्रवासच करत होता.

इकडे उज्जैनला फ्रीगंजातल्या नव्या टॉकीजचे सेठजी म्हणाले, "भाऊसाहब, अक्षय तृतीया को पहला खेल है. परवाना लाओ, नहीं तो काम रामरतन को." रामरतन म्हणजे इंदूरचा ठेकेदार. त्याचा परवाना ताजा, कसब शिळं.

मग मला कसली झोप? सकाळी कचेरी, दुपारी पुन्हा कचेरी. तिथल्या बाकाला माझा आकार आला. ऊन असं, की रामघाटावरचे गुरुजी एका पायावर उभे राहून संकल्प सांगत आणि मध्येच पाय बदलत. परवान्याचे साहेब जबलपूरकडचे, प्रामाणिक, पण घामाने निथळणारे. माझ्या अर्जावर टाक टेकवला की वरून घाम टपकायचा, शाई पसरायची, अर्ज परत. तीनदा लिहिला मी तो अर्ज.

तेव्हा डोकं चाललं. आपल्या उज्जैनमध्ये पाणपोई कोणी घातली, घाटावर बाक कोणी ठेवला, असं कधी कोणी विचारतं? गुप्तदान म्हटलं की विषय संपला. रविवारी कचेरीच्या बडेबाबूंना, म्हणजे हेडक्लार्कना, गाठलं.

"एका भक्ताला साहेबांच्या खोलीत यंत्र बसवायचंय. नाव सांगायचं नाहीये."

"नाव नाही ना? मग माझी सहीपण नाही. बसवा."

घरी आमच्या कुसुमने एवढंच म्हटलं, "बसवलंत ते बसवलंत. आता दोन दिवस तोंड मिटून बसा."

"मी कधी बोलतो?"

तिने लाटणं जरा जोरात फिरवलं.

सोमवारी त्या खोलीचं शिमला झालेलं. कारकुनांनी टेबलं आत सरकवलेली. साहेब खुशीत. "आइए, आइए. वो दानी मिल जाए तो पैर छू लूँ उसके."

माझी बसल्या जागी चुळबुळ सुरू. साहेबांनी अर्ज उघडला, टाक टेकवला, शाई पसरली नाही.

"बस, एक बात. पुराने काग़ज़ तो आए नहीं. तो नियम से आपका किया हुआ कोई काम देखना पड़ेगा. है कुछ?"

आता बघा. माधवनगरात एका वकिलांकडे माझं दरबारच्या वेळचं यंत्र चालू होतं. टांग्याने दहा मिनिटं. पण दहा मिनिटं धीर धरणारा माणूस मी असतो तर काय हवं होतं?

"साहब," मी छाती काढून म्हणालो, "आप उसी में तो बैठे हैं."

बडेबाबू छताकडे बघू लागले.

"ये आपने लगाया?"

"अपने हाथों से."

"कब?"

"कल."

"किस परवाने पर?"

साहेबांनी अर्ज मिटला. दुसरा कागद ओढला आणि अगदी दुःखाने लिहिला: सरकारी इमारतीत परवान्याशिवाय बिजलीचं काम, यंत्र तीन दिवसांत हटवावं, अर्ज नामंजूर.

"आत्ता काढतो, साहब."

"आप कैसे? निकालना भी बिजली का ही काम है. परवानेवाला लाइए."

परवानेवाला आला. रामरतन. त्याने यंत्र काढलं, मजुरीपोटी ठेवून घेतलं, आणि नेऊन थेट टॉकीजमध्ये बसवलं.

कुसुम म्हणाली, निदान हवा तरी खाऊ. पहिल्या खेळाला आम्ही दोघं तिकीट काढून बसलो. अर्ध्या खेळात पंप अडकला. सगळं टॉकीज धोतराच्या सोग्याने वारा घ्यायला लागलं. अंधारात बॅटरी घेऊन रामरतन मला शोधत आला.

"भाऊसाहब, ज़रा देख लो ना."

मी ताडकन उठलो. कुसुमने सदरा धरला.

"परवाना आहे?"

मी खाली बसलो, आणि सगळ्यांबरोबर घाम पुसत उरलेला खेळ बघितला.