शहाण्णव म्हणजे ठणठणीत

आमच्या ह्यांनी तीस वर्षं कंपाउंडरकी केली. पेशंट दारातून आत आला की हे त्याच्या कपाळाला हात लावायचे आणि सांगायचे, "एकशे एक. किंचित वरच." मग डॉक्टर थर्मामीटर लावायचे आणि तो बिचारा मुकाट्याने तेवढंच दाखवायचा. तीन वर्षांपूर्वी दवाखाना बंद झाला आणि हात रिकामे झाले. आधी मिक्सर उघडून झाला, मग भिंतीवरचं घड्याळ. शेवटी साहेबांनी जाहीर केलं, लेकीचा कॉम्प्युटर आपण घरीच जोडणार!

लेक न बांधलेल्या घरांची चित्रं करते, अगदी बांधल्यासारखी. नव्या नोकरीसाठी तिला असंच एक चित्र शुक्रवारी पाचच्या आत पाठवायचं होतं. नाही पाठवलं तर नोकरी गेली. तिच्या जुन्या लॅपटॉपला हे काम झेपणारं नव्हतं.

जोडला हो, खोटं कशाला बोलू. आठ दिवस जेवणाच्या टेबलावर स्क्रू आणि वायरी, आम्ही दोघी ताट मांडीवर घेऊन जेवलो. बटण दाबल्यावर पंखे फिरले आणि ह्यांची छाती अशी फुगली की विचारू नका. स्क्रीनच्या कोपऱ्यात त्यांनी एक आकडा आणून ठेवला. "प्रोसेसर म्हणजे ह्याचा मेंदू. त्याचा ताप डोळ्यांपुढे हवा."

शुक्रवारी सकाळी लेक कॉम्प्युटरला चित्राचं काम लावून झेरॉक्स काढायला गेली. हे खुर्ची ओढून उशाशी बसल्यासारखे बसले. आकडा चढत चढत शहाण्णववर गेला.

"शहाण्णव! अठ्ठ्याण्णवच्या आत. ठणठणीत आहे!"

"अहो, पंखे किंचाळतायत. कॉम्प्युटरच्या डब्याजवळ उभं राहवत नाही. हात लावून बघा जरा."

"आकडा दिसतोय ना समोर? मग हात कशाला?"

ज्या माणसाने तीस वर्षं थर्मामीटरला भीक घातली नाही, तो हे बोलला! मी हात टेकले आणि भाजी चिरायला घेतली. साडेअकराला स्क्रीन काळी झाली.

लेक परत आली ती पांढरीफटकच पडली. "बाबा, टेंपरेचर किती होतं?"

"शहाण्णव. नॉर्मल."

"पुढे सी होता?"

"होता की. सी म्हणजे कॉम्प्युटर."

"सी म्हणजे सेल्सिअस, बाबा! एवढ्यात पाणी उकळायला येतं!"

एरवी मी हसून लोळले असते, पण पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने डबा गार होऊ दिला, मग उघडून प्रोसेसरवरचा पंखा आणि खालचा धातूचा ठोकळा काढला. प्रोसेसरची उष्णता तो ठोकळा ओढून घेतो म्हणे. त्याच्या तळाला कंपनीचं पातळ प्लास्टिक तसंच, आणि उष्णता ठोकळ्यात पोचवणारी पेस्ट त्या प्लास्टिकवर. तापलेल्या कपाळाला पिशवी गुंडाळून वर पाण्याची पट्टी ठेवावी, तसं.

"नव्या वस्तूचं प्लास्टिक कोण काढतं?" हे पुटपुटले. आमच्या टीव्हीच्या रिमोटवरचं नऊ वर्षं तसंच आहे, तेव्हा हा प्रश्न त्यांनी अगदी मनापासून विचारला होता.

लेकीने प्लास्टिक ओढून काढलं, सगळं पुसलं आणि पेस्टची ट्यूब ह्यांच्या पुढे धरली. "तुम्हीच लावा. मलम लावायची सवय तुम्हाला." ह्यांनी ती अगदी बेताची लावली.

काम पहिल्यापासून सुरू केलं. काही वेळाने आकडा आला अठ्ठावन्न.

"अठ्ठावन्न? अगं, हा गेला!" ह्यांची सवय काही जाईना.

लेक हसली आणि आकड्यावर कागद चिकटवून मोकळी झाली. ह्यांचा तळवा धरून तिने डब्यावर टेकवला. "आता तुम्ही सांगायचं. वाढलं तर ओरडा." ह्यांनी डोळे मिटले. "कोमट आहे," ते म्हणाले, "काळजीचं नाही."

चार वाजून चाळीस मिनिटांनी चित्र गेलं. ह्यांनी हात तोपर्यंत उचलला नव्हता. आज चांगलं झापायचं मी ठरवलं होतं, पण मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. दवाखाना बंद झाल्यापासून ह्यांना कुणी ताप बघायला सांगितलंच नव्हतं. मागच्या आठवड्यात मला कणकण होती, तेव्हा मीसुद्धा ह्यांच्यासमोरच काखेत थर्मामीटर धरून बसले होते.