आठ जीबीत दोघं

योगेंद्र भोयरच्या बसमध्ये चहा सांडत नाही, असं जबलपूरच्या बस स्टँडवर म्हणायचे. म्हणजे आधी तो स्वतःच म्हणायचा, मग ऐकून ऐकून बाकीचे म्हणायला लागले. जबलपूर-नागपूर रात्रीची गाडी त्याच्याकडे होती. कुरईच्या घाटात मागच्या सीटवरच्या म्हातारीची झोप मोडता कामा नये, एवढी एकच प्रतिज्ञा त्याने आयुष्यात केली आणि पाळली. त्याचे वडील तुळशीराम खमरियाच्या सरकारी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. मुलालाही तिथेच चिकटवावं म्हणून त्यांनी साहेबांचे उंबरठे झिजवले. पण एका जागी बसून राहायचं म्हटलं की योगेंद्रच्या अंगावर काटा यायचा. नशिबाला चेष्टेची हौस फार. नेमक्या याच माणसाला त्याने ऐन पंचेचाळिशीत पलंगावर आणून बसवलं.

आधी क्लच दाबताना डावा पाय लुळा पडायला लागला, मग उजवा. नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. त्याचा सरळ अर्थ एवढाच की स्नायू हळूहळू गळत जाणार. पाय गेले होते, हातांना अजून वेळ होता. डॉक्टर म्हणाले, "बोटं चालवत राहा. जे वापराल ते बरेच दिवस टिकेल. जे सोडाल ते परत येणार नाही." योगेंद्रने कधी कुणाचं ऐकलं नसेल, पण हे वाक्य त्याने गाठीला बांधलं.

जबलपुरात विजय नगरच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मुलगी चिन्मयीचा कॉम्प्युटर होता. ती इंदूरला शिकायला गेली तेव्हा तो घरीच ठेवून गेली, आणि जाताना बापासाठी त्यात बस चालवायचा एक गेम टाकून गेली. रोज संध्याकाळी माधवी टेबल पलंगाशी ओढायची, नवऱ्याच्या मांडीवर उशी आणि उशीवर कीबोर्ड ठेवायची. गेममधला घाट कुठल्या देशातला ते देव जाणे. योगेंद्रने त्याला कुरई नाव देऊन टाकलं होतं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत एक खेप झाली की तो हात झटकून म्हणायचा, "आज बी नाई सांडला चहा." मग स्वतःच्या हाताने चमच्याने वरणभात खायचा.

शेजारपाजारच्यांना वाटे, बिचारा वेळ घालवतो. वेळ कसला घालवतो, तो रोज परीक्षेला बसत होता. बस माथ्यावर पोचली म्हणजे हात शाबूत. उद्यापर्यंत तरी शाबूत.

दिवसा तोच कॉम्प्युटर माधवीचा. जुन्या नोंदींचे स्कॅन उघडायचे आणि त्यातला मजकूर पाहून टाइप करायचा, असं एका भोपाळच्या कंपनीचं काम ती घरून करायची. घर त्यावरच चालत होतं. पण स्कॅन अवजड, चार-पाच उघडले की मशीन धापा टाकायचं. तेव्हा चिन्मयीने फोनवर समजावलं होतं, "आई, ग्राफिक्स कार्ड अलग से नहीं है ना अपने में. मेमरी आठ जीबीच आहे. गेमच्या चित्रांसाठी मी त्यातली चार बाजूला काढून ठेवली, तो तेरे काम के लिए चारच उरते." माधवीला ते लगेच कळलं. कणकेचा गोळा एकच, त्यातूनच पुऱ्या आणि त्यातूनच पोळ्या. आणखी मेमरी घालावी, तर यंदा तिचे भाव सोन्यासारखे चढले होते. मग लेकीने तोड सुचवली. सकाळी मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबून सेटिंगमध्ये जायचं आणि गेमला चारऐवजी अर्धाच जीबी ठेवायचा. संध्याकाळी पुन्हा चार. सकाळी अंथरूण गुंडाळावं आणि रात्री घालावं, तसं हे माधवीच्या अंगवळणी पडलं.

मार्च आला आणि कंपनीने घाई लावली. मशीन बंद करून सुरू केलं की कंपनीच्या पोर्टलवर पुन्हा शिरायला सुपरवायझरकडून नंबर मागवावा लागे, आणि तो बाबा फोन उचलेल तर शपथ. म्हणून एका संध्याकाळी माधवीने गेमचे चार जीबी परत केले नाहीत. स्कॅनही मागे उघडेच ठेवले आणि वर गेम लावून दिला. गेम सुरू झाला. सुरू झालाय ना, मग झालं, असं म्हणून ती पोळ्या लाटायला गेली. त्या मेल्या गेमने सुरूच व्हायला नकार दिला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

गेम चालत होता, पण अडखळत. बटण आत्ता दाबावं आणि बसने क्षणभराने वळावं. घाटात तो क्षण पुरेसा असतो. योगेंद्रची बस तिसऱ्या वळणावर कठडा तोडून खाली गेली. त्याने पुन्हा लावली, पुन्हा गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. माधवीला स्वयंपाकघरात नुसती बटणांची आदळआपट ऐकू यायची.

"काहून इतकं जोरात दाबून राहिले तुम्ही? तुटंल ना ते."

"काई नाई," तो म्हणायचा.

ड्रायव्हरला गाडीत दोष आहे की आपल्यात, हे कळतं म्हणतात. योगेंद्रलाही एरवी कळलं असतं. पण हा आजारच असा होता की त्यात दोष गाडीत सापडत नाही. तो कधीतरी हातात उतरणार हे ठरलेलंच होतं, आणि तो आला असं त्याने मानून टाकलं.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "राहू दे आज." नंतरच्या संध्याकाळीही तेच. खरं सांगायचं तर माधवीला बरंच वाटलं. संध्याकाळचाही वेळ तिला कामाला मिळाला. मग एकदा जेवताना चमचा वाकडा झाला, वरण छातीवर सांडलं, आणि त्याने चमचा ताटात ठेवून दिला. "तूच भरव आता." हातांच्या व्यायामासाठी दाबायचा रबरी चेंडू उशाशी पडला तो पडलाच. हात चादरीवर दोन्ही बाजूंना ठेवून तो छताकडे बघत पडून राहायला लागला.

महिनाभराने काम जरा ओसरलं, तेव्हा माधवी चिन्मयीशी फोनवर रडली. "बाबांचे हात गेले गं. म्हणते, मी आता दाबतो अन् बस मग वळते. बोटं ऐकूनच नाई राहिली."

चिन्मयीने तिला मध्येच थांबवलं.

"आई, शाम को मेमरी वापस चार करत होती ना तू?"

माधवीने फोन कानाला तसाच धरून ठेवला. घाई लागल्यापासून तिने चार केलेच नव्हते.

तिने त्याच दिवशी नवऱ्याला सगळं सांगितलं. "तुमचे हात ठीक होते. मशीनच उशिरा चालून राहिली होती. माझ्या कामापायी मीच तशी ठेवली." तो हसला. आजाऱ्याला भेटायला येणारे जे गोड गोड बोलतात, त्यांच्याकडे पाहून तो हसायचा तसं.

"अच्छा. समजावून राहिली मला."

तिने शपथा घेतल्या. तो मान फिरवून पडून राहिला. शेवटी चिन्मयीने व्हिडिओवर त्याला स्वतः समजावलं, सेटिंग कुठे असतं ते दाखवलं. लेक खोटं बोलत नाही यावर त्याचा विश्वास होता. "चल, लाव," तो म्हणाला.

माधवीने सगळे स्कॅन बंद केले, चार जीबी परत दिले, टेबल ओढलं, उशी ठेवली. त्याची बोटं उचलून बटणांवर ठेवायलाही तिने मदत केली. बस निघाली आणि पहिलं वळण लोण्यासारखं गेलं. योगेंद्रने मान वर केली.

"अरे, हे तर लगेच ऐकून राहिली."

महिन्यात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर तजेला दिसला. माधवीने नकळत हात जोडले. दुसरं वळणही गेलं. तिसऱ्याला त्याचं बोट बटणावर होतं, पण दबलं नाही. बस कठड्यातून खाली गेली. त्याने पुन्हा लावली. बोट थरथरलं, अर्धवट दबलं, सुटलं. मग आणखी एकदा. बसचा काही दोष नव्हता. महिनाभर चादरीवर पडून राहिलेल्या बोटांत आता जोर नव्हता.

त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून कीबोर्डवरून खाली घेतला.

"म्हणजे तेव्हा माझे हात ठीक होते," तो म्हणाला.

"हो."

"खरं सांगत होती तू."

त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर माधवीला सोसलं असतं. ती तसं म्हणालीही, "काही तरी बोला मला." तो पडद्यावरच्या उलट्या बसकडे बघत होता.

"काय बोलू? तुझं काम अडून राहते. ते चार तू घेऊन टाक. मला आता नाई लागत."

सकाळी तिने मशीन सुरू करताना डिलीटचं बटण दाबलं. पलंगावरून तो बघत होता, म्हणून तिने गेमला चारऐवजी अर्धाच जीबी ठेवला आणि बाकीची मेमरी कामाला घेतली. दिवसभर मशीन एकदाही अडकलं नाही. काम वेळेआधी संपलं. दिवे लागायच्या वेळी सवयीने तिने टेबल पलंगाशी ओढलं, आणि मग ते तिथे कशाला आणलं हे न कळून दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.