सोमवारचा रकाना

कमलाकर पत्तरकिने यांच्या हातची नोंदवही एकदा पाहिली की दुसऱ्या कुणाची वही उघडवत नसे. यवतमाळच्या एका मोठ्या रुग्णालयात, छातीच्या विभागात, ते एकोणतीस वर्षं कारकून होते. या काळात डॉक्टर आले, गेले, बदलले. वॉर्डाचा रंगसुद्धा दोनदा बदलला. पण कमलाकररावांचं एक अक्षर कधी रकान्याबाहेर गेलं नाही. टेबलाच्या खणात त्यांची लाकडी फूटपट्टी असे आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. सुचित्राबाई, त्यांच्या पत्नी, आल्यागेल्याला सांगायच्या, "यांना भाजीची यादी करायला सांगितली तरी आधी रेघा मारतात." यात अतिशयोक्ती अजिबात नव्हती.

ही गोष्ट दोन हजार सहाची. कापसानं जिल्ह्याची झोप उडवली होती ती वर्षं. बाहेरगावचे पाहुणे गाड्या भरभरून यायचे, शेताच्या धुऱ्यावर उभे राहून माना हलवायचे आणि परत जायचे. कापूस पिकवणाऱ्याची निदान तोंडदेखली विचारपूस होत होती. तोच कापूस पुढे जिनिंगमध्ये जातो, तिथं सरकी वेगळी होते, आणि हवेत उडणाऱ्या त्या तंतूंमध्ये बाया दिवसभर उभ्या असतात, हे मात्र कुणाच्या गावी नव्हतं.

डॉक्टर भैरवींच्या मात्र ते चांगलंच ध्यानात होतं. छातीच्या विभागातली ही तरुण डॉक्टर. तिनं एक संशोधन हाती घेतलं. त्याचे भाग दोन. पहिल्यात जिनिंगच्या मजुरांची फुप्फुसं तपासायची. दुसऱ्यात, रुग्ण वॉर्डात आल्यावर त्याला वॉर्डातूनच एखादा नवा आजार लागतो का, हे पाहायचं. दोन्ही भागांच्या नोंदवह्या अर्थातच कमलाकररावांकडे आल्या. पहिलीला त्यांनी निळं वेष्टन घातलं, दुसरीला तांबडं.

मजुरांना विचारायचे प्रश्न परदेशी फॉर्मवरून घेतले होते, इंग्रजीत. मराठी करायचं काम कमलाकररावांनी मागून घेतलं. बारावा प्रश्न असा होता: कामाच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते का? आता एवढं लांबलचक वाक्य दीड इंचाच्या रकान्यात मावायचं कसं? त्यांनी पट्टी लावून पाहिली. मावेना. मग त्यांना एक सुबक शब्द सुचला. 'सोमवारी छाती आवळते का?' नेमकं बसलं. त्या दिवशी ते खुशीत घरी गेले. सत्तावीस वर्षं ज्या माणसाचा आठवडा सोमवारी साडेदहाला सुरू झाला, त्याला यात काही वावगं दिसणार तरी कसं?

हिवाळ्यात जिनिंग सुरू झाल्या तेव्हा कमलाकररावांनी एसटीनं फिरून राळेगावकडच्या आणि केळापूरकडच्या पाच जिनिंगमध्ये दोनशे अकरा मजुरांचे फॉर्म भरले. बाराव्या प्रश्नाला बाया हसायच्या. "सोमवारी त उपास रायते, साहेब. पोट हलकं, छातीबी हलकी!" कमलाकरराव हसत नसत. ते लिहीत: नाही. दोनशे अकराच्या दोनशे अकरा, नाही.

फॉर्मनंतर पुढची वाटही ठरलेली होती. बाराव्याला 'होय' म्हणणाऱ्याला धुळीतून काढून बाहेरच्या कामावर ठेवायला सांगायचं, औषध द्यायचं आणि घरी पाठवायचं. 'नाही' म्हणणाऱ्याला खोकला आणि दम असेल, तर क्षयाच्या तपासणीसाठी वॉर्डात भरती.

एकशे सतरा नंबरच्या रुपीबाई अशाच भरती झाल्या. पन्नाशीची, सडपातळ, राळेगावकडच्या एका तांड्यावरची बाई. थुंकी तीनदा तपासली. क्षय निघाला नाही. तरी छातीच्या फोटोत डाग दिसतो म्हणून ठेवून घेतलं. आठव्या दिवशी त्यांना सणसणून ताप भरला. न्यूमोनिया. हा आजार येताना त्यांच्याजवळ नव्हता. तो वॉर्डातलाच.

म्हणजे नोंद तांबड्या वहीत. कमलाकरराव वही घेऊन नऊ नंबरच्या खाटेपाशी गेले. रुपीबाईंना ग्लानी होती. उशाशी त्यांचा मुलगा सेवादास बसला होता. तो त्याच जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा.

"यांना आधी त्रास कधी व्हायचा?" कमलाकररावांनी सवयीनं विचारलं.

"गुरवारी," सेवादास म्हणाला.

"गुरुवारी? गुरुवारीच का?"

"आमच्या जिनिंगले बुधवारी सुट्टी रायते ना साहेब. बाजार रायते गावचा. गुरवारी कामावर गेली का पयल्याच घंट्यात याडीची छाती भरून येते. मंग शुक्रवार, शनिवार थोडी थोडी हलकी होत जाते." आईला तो याडी म्हणायचा, त्यांच्या बोलीत तसंच म्हणतात.

"आणि सोमवारी?"

"सोमवारी काहून? सोमवारी त मस्त रायते ते. उपासबी धरते."

कमलाकरराव उभे होते ते स्टुलावर बसले. मग उठून टेबलाकडे आले, खणातून इंग्रजी फॉर्म काढला आणि बारावा प्रश्न वाचला. परत वाचला. पाचही जिनिंग त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. प्रत्येक गावचा बाजार वेगळ्या वारी, आणि बाजाराच्या दिवशी जिनिंग बंद. सोमवारी कुणाचाच आठवडा सुरू होत नव्हता. तो फक्त त्यांचा स्वतःचा होत होता.

चूक लपवावी असं क्षणभरसुद्धा मनात आलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल, क्षणभर आलं. अहवाल पंधरा दिवसांनी जाणार होता. त्यात लिहिलं जाणार होतं की कापसाच्या धुळीनं इथं कुणाच्याही छातीला काही होत नाही. मग पुढं कोण विचारणार होतं?

ते फॉर्म घेऊन डॉक्टर भैरवींसमोर उभे राहिले.

ऐकता ऐकता तिचा चेहरा पडला. "काका, कापसाच्या धुळीनं होणाऱ्या आजाराची सगळी ओळखच त्या पहिल्या दिवसात आहे. सुट्टीत छाती मोकळी होते, परत धुळीत गेली की आवळते. तो दिवस चुकला की सगळंच चुकलं."

"हो, मॅडम."

"तुम्ही मला विचारलं का नाहीत?"

"रकान्यात मावत नव्हतं," कमलाकरराव म्हणाले, आणि ते शब्द स्वतःच्या कानावर पडले तेव्हा त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाली, "मार्च संपत आला. जिनिंग बंद झाल्या की ही माणसं कुठं कुठं पांगतील. दोन आठवडे आहेत फार तर. होईल?"

"होईल."

कमलाकररावांनी रजा टाकली. रजेवर कामाला निघालेला हा जगातला पहिलाच कारकून असावा. रोज सकाळची एसटी, पिशवीत फॉर्म आणि सुचित्राबाईंनी दिलेली पोळीभाजी. पहिल्या जिनिंगमध्ये त्यांनी शुद्ध मराठीत प्रश्न विचारला तर बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. तेव्हा, ऑफिसात आयुष्यात कधी न बोललेली बोली त्यांनी तोंडात आणली. लहानपणी गल्लीत ती बोलले म्हणून वडिलांचा मार खाल्ला होता.

"सुट्टी झाल्यावर पयल्या दिशी छाती भरून येते काय, बाई?"

"हाव, येते ना!" पहिलीच बाई म्हणाली. "तेवढं त सगळ्याइलेच होते. ते बी सांगा लागते काय?"

दिवसागणिक 'होय' वाढत गेले. पण एक गोष्ट कमलाकररावांच्या हातून होत नव्हती. संध्याकाळी फॉर्म जमा करायला ते रुग्णालयात येत, आणि नऊ नंबरची खाट टाळून पलीकडच्या दारानं जात. एकशे सतरा नंबरचा फॉर्म पिशवीत तळाशी राहिला. ती इथंच तर आहे, केव्हाही विचारता येईल, असं ते स्वतःला सांगत. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. त्यांना लाज वाटत होती.

अखेर दोनशे दहा फॉर्म झाले. मग पळवाट उरली नाही.

रुपीबाईंच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. ताप दोनदा उतरून परत चढला होता. पण त्या शुद्धीवर होत्या आणि त्यांनी साहेबांना ओळखलं. कमलाकरराव स्टूल ओढून बसले आणि त्यांनी प्रश्न विचारला.

"हाव," रुपीबाई म्हणाल्या. मग जरा दम घेऊन, "आठ वर्सं झाली."

"मग तेव्हा नाही कसं म्हणालात, बाई?"

त्यात ठपका नव्हता. त्यांना फक्त ऐकायचं होतं. रुपीबाईंनी डोळे त्यांच्याकडे वळवले. त्यांतही राग नव्हता, आणि तेच सहन होत नव्हतं.

"तुमी मले सोमवारचं पुसलं, साहेब. म्या सोमवारचं सांगतलं."

"चूक माझी झाली, बाई," कमलाकरराव म्हणाले. शेजारच्या खाटांवरचे लोक पाहू लागले, तर पाहू देत. "तुम्हाला इथं आणायलाच नको होतं."

"लिवा मंग आता बराबर," रुपीबाई म्हणाल्या.

त्यांनी लिहिलं. चौथ्या दिवशी, गुरुवारी, रुपीबाई गेल्या.

अहवाल वेळेत गेला. दोनशे अकरांपैकी अठ्ठ्याहत्तर 'होय', असं त्यात आलं. त्यावरून पुढं दोन जिनिंगमध्ये धूळ ओढणारे पंखे बसले, तीनमध्ये बसले नाहीत. कमलाकरराव दोन वर्षांनी निवृत्त झाले. तोवर कुठलाही प्रश्न विचारण्याआधी ते समोरच्याला विचारत, "तुमच्याकडे सुट्टी कोणत्या वारी?" नवे डॉक्टर याची थट्टा करायचे. भैरवी करत नसे.

तांबडी वही अजून त्या विभागात असेल. तिच्या प्रत्येक पानावर रेघा सरळ आहेत आणि अक्षर आपापल्या जागी आहे. फक्त रुपीबाईंच्या नावापुढं, भरतीचं कारण लिहायच्या दीड इंची रकान्यात, वाक्य सुरू होतं आणि तिथं थांबत नाही. रेघ ओलांडून ते पुढच्या रकान्यात जातं, तिथून त्याच्या पुढच्या रकान्यात, पार पानाच्या कडेपर्यंत: 'हिला क्षय नव्हता. प्रश्न मी चुकीचा विचारला म्हणून ही इथं आली.' खाली पूर्ण सही, कमलाकर पत्तरकिने, आणि तारीख.