प्रुत नदी आणि तीन तज्ज्ञ

शिकागोतल्या एका अभ्याससंस्थेत मी तीन वर्षं काम केलं आणि एका पानामुळे ते सुटलं. पान मीच टाइप केलं होतं. त्यावर एका बाईनं भर सभेत विचारलेले प्रश्न होते, बाकी काही नाही. त्याबद्दल बोलताना आजही माझा आवाज चढतो. नवरा म्हणतो, "झालं ना यार आता, सोड." झालं कसलं?

नवऱ्याच्या व्हिसावर आले तेव्हा पहिली काही वर्षं मला नोकरीची परवानगीच नव्हती. नागपूरला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारी मी, शिकागोच्या उपनगरात, नेपरव्हिलला मुलीच्या शाळेत जाऊन पुस्तकं लावून द्यायचे, तेही फुकट. २००४ मध्ये ग्रीन कार्ड आलं आणि ही नोकरी मिळाली. आठवड्यातून तीन दिवस सकाळच्या ट्रेननं शहरात जायचं, संस्थेतल्या चर्चासत्रांच्या टेप ऐकून कागदावर उतरवायच्या, भाषा साफसूफ करून पुस्तिका छापायला द्यायची. कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या मांडणं आणि श्रोत्यांमध्ये माइक फिरवणं हेही माझ्याकडेच.

विषय युरोपचा. त्या वर्षांत युरोपीय संघ पूर्वेकडे सरकत होता. सरकत सरकत तो जिथे थांबला, त्याच्या पलीकडे युक्रेन, मोल्दोव्हा असे जुन्या सोव्हिएत संघातून सुटलेले देश उरले. त्यांच्याशी सहकार्य कसं करावं यावर तज्ज्ञ बोलायचे. त्या देशांना ते 'शेजारी' म्हणायचे. हा शब्द मी किती वेळा टाइप केला असेल! शेजारी म्हणजे ज्याच्याकडे किल्ली ठेवून आपण गावाला जातो तो, हे मी लहानपणापासून धरून चाललेली. इथे शेजारी म्हणजे ज्याच्या बाजूनं कुंपण घालायचं आणि कुंपणावरून त्याच्या हातात सुधारणांची यादी द्यायची तो. आणि तीन वर्षांत त्या देशांतलं एकही माणूस मी स्टेजवर बसलेलं पाहिलं नाही. पहिल्या वर्षी हे लक्षातच आलं नाही. दुसऱ्या वर्षी आलं, तरी मी गप्प बसले.

आमच्याच गल्लीत तीन घरं सोडून एक डॉक्टरकाका राहायचे. मूळचे सांगलीचे, पस्तीसेक वर्षांपूर्वी इकडे आलेले, रिटायर झालेले. काकू गेल्यावर एकटेच होते. २००६ च्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात आणि पाय गेला. त्यांच्या क्युपर्टिनोतल्या मुलानं फोनाफोनी करून दिवसभरासाठी एक बाई ठेवली. पंचावन्नच्या आसपासची, खांदे रुंद, केस आखूड, बोलणं मोजकं. मोल्दोव्हाची. तिचा मुलगा लॉटरीत मिळालेल्या ग्रीन कार्डवर इकडे येऊन ट्रक चालवत होता, नंतर त्यानं आईला बोलावून घेतलं. एवढंच मला माहीत होतं.

दर रविवारी मी काकांकडे वरणभात आणि एखादी भाजी घेऊन जायचे. त्यांच्या टेबलावर एक रेघांची वही असायची. काकांचं ब्लड प्रेशर, नाडी, किती पाणी प्यायले, सगळं त्या बाईनं वेळेसकट लिहिलेलं. एकाही ओळीत खाडाखोड नाही. काका कौतुकानं म्हणाले, "अगं, माझ्या हॉस्पिटलात चाळीस नर्सेस होत्या, पण अशी नोंद कुणी ठेवली नाही."

मी तिला विचारलं, "हे कुठे शिकलात?"

"नदीवर," ती म्हणाली. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत चालायचं, तिचं आणि माझं, दोघींचं आपापल्या वळणाचं.

तेव्हा कळलं की ती जलशास्त्राची इंजिनियर होती. प्रुत नदीच्या काठावर, पाण्याची पातळी मोजण्याच्या केंद्रात तिनं सव्वीस वर्षं काम केलं होतं, शेवटची अकरा वर्षं केंद्रप्रमुख म्हणून. प्रुतच्या या काठावर मोल्दोव्हा, त्या काठावर रुमानिया. आणि ही माहिती मला चार महिन्यांनी मिळाली, कारण चार महिने मी तिला फक्त "काकांनी औषध घेतलं का?" एवढंच विचारत होते.

२००७ च्या वसंतात संस्थेत नवीन चर्चासत्र ठरलं. सीमेवरच्या नद्या आणि युरोपचं शेजाऱ्यांशी सहकार्य. तपासायचे कागद मी रविवारी काकांकडेच घेऊन बसले होते. ती चहा ठेवायला आली आणि कप हातात धरून तशीच उभी राहिली. एका कागदावर लहानसा फोटो होता, नदीकाठची एक खोली, पुढे कोट घातलेली चारपाच माणसं.

"हा माझा दरवाजा," ती म्हणाली. "निळा रंग मी दिलाय त्याला."

फोटोखाली लिहिलं होतं की युरोपच्या मदतीनं इथे स्वयंचलित मापन यंत्रणा यशस्वीपणे बसवण्यात आली. ती ओळ तिनं दोनदा वाचली. मग खुर्ची ओढून बसली. तिला काकांच्या घरात बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

यंत्र आलं होतं, हे खरं, ती म्हणाली. माहितीपुस्तक फ्रेंचमध्ये होतं, तिथे फ्रेंच कुणालाच येत नव्हतं. फोटोतली माणसं तीन तास थांबली, जेवली आणि गेली. दुसऱ्या महिन्यात यंत्र बंद पडलं. तिनं पत्रं लिहिली. उत्तर आलं की प्रकल्प पूर्ण झाला आहे. मग ती आणि तिचे सहकारी पूर्वीसारखेच, रंगवलेल्या लाकडी पट्टीवर डोळ्यांनी पाणी वाचत राहिले.

"आणि नदीपलीकडे?" मी विचारलं.

पलीकडच्या केंद्रावर एक गृहस्थ होते. सोव्हिएत काळात काठावर तारांचं कुंपण होतं, तेव्हाही दोन्ही केंद्रं एकमेकांना पाण्याचे आकडे कळवायची. कुंपण निघालं तेव्हा फुलं घेऊन ती पुलावर गेली आणि इतकी वर्षं ज्याचे आकडे लिहीत होती त्या माणसाला पहिल्यांदा भेटली. तिच्या बहिणीनं पुढे पलीकडच्याच काठावर संसार थाटला. सोळाएक वर्षं जाणं-येणं सुरू राहिलं. आणि त्या वर्षीच्या जानेवारीत रुमानिया युरोपीय संघात गेला, तर मोल्दोव्हाच्या माणसाला पूल ओलांडायला व्हिसा लागू लागला. बहिणीच्या घराचे दिवे तिच्या केंद्रातून दिसायचे, म्हणाली.

व्हिसा हा शब्द मला समजावून सांगायची गरज नव्हती. मुंबईच्या वकिलातीबाहेर फाइल छातीशी धरून मीही उभी राहिले आहे.

"कार्यक्रमाला कुणीही येऊ शकतं?" तिनं विचारलं.

"कुणीही."

"मग मी येते."

काका म्हणाले, "मीही. मला घरात ठेवून तुम्ही दोघी जाणार असाल, तर मी मुलाला फोन करून तक्रार करीन."

त्या दिवशी मी ट्रेननं गेले नाही, काकांची व्हीलचेअर डिकीत टाकून ड्राइव्ह करत गेले. बाई गडद निळा सूट घालून आली होती. मांडीवर काकांच्या वहीसारखीच वही.

स्टेजवर तिघे तज्ज्ञ. एक युरोपातून आलेले, पांढऱ्या केसांचे, त्या यंत्रणेच्या प्रकल्पाचे सल्लागार. एक इथले प्राध्यापक. तिसरा एक तरुण सल्लागार, ज्याच्या प्रत्येक वाक्यात 'क्षमता-वाढ' होतं. तासभर ते बोलले. शेजाऱ्यांमध्ये इच्छाशक्ती कमी पडते, असं तिघांचंही मत पडलं. पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी तोच फोटो पडद्यावर दाखवला आणि स्थानिक कर्मचाऱ्यांना नोंदी ठेवायची सवय नसते, ती लावावी लागली, असं हसत हसत सांगितलं. लोकही हसले.

प्रश्नांची वेळ झाली. तिचा हात वर होता. मी माइक दिला. ती उभी राहिली, वही उघडली आणि संथपणे बोलू लागली. "ते केंद्र मी चालवत होते. यंत्र किती दिवस चाललं हे तुम्हाला माहीत आहे का? बंद पडल्यावर कुणी का आलं नाही? नोंदी ठेवायची सवय आम्हाला कुणी लावली म्हणता? आणि ज्या नदीवर सहकार्य करायचं, तिच्या दोन काठांवरच्या माणसांनी भेटायला व्हिसा काढायचा असेल, तर सहकार्य नेमकं कुणाचं कुणाशी?"

पांढऱ्या केसांचे गृहस्थ म्हणाले, "आपला वैयक्तिक अनुभव हृदयस्पर्शी आहे. पण आपल्याला व्यापक चित्र पाहावं लागतं."

"मी आकडे सांगते," ती म्हणाली. "अनुभव नाही. तारखांसकट आकडे आहेत." आणि तिनं वहीचं पान उलटलं.

तेवढ्यात आमच्या डायरेक्टर बाईंनी भिंतीजवळून मला खूण केली. माइक परत घे. आणि मी घेतला. तिच्या हातातून, मी स्वतः. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, निमूटपणे माइक सोडला आणि खाली बसली. मागून काकांचा अडखळता आवाज आला, "लेट हर फिनिश!" दोनचार माणसं वळून बघू लागली, मग पुढचा प्रश्न सुरू झाला. कुणीतरी रशियाच्या गॅसबद्दल विचारत होतं.



दुसऱ्या दिवसापासून मी टेप उतरवायला घेतली. तिचा शब्दन् शब्द लिहिला. डायरेक्टर बाईंनी मसुदा परत पाठवला, तिच्या प्रश्नांवर पेन्सिलची आडवी रेघ मारून. मी त्यांच्या खोलीत गेले.

"हे का काढायचं?"

"ही तज्ज्ञांच्या मतांची पुस्तिका आहे. त्या बाई तज्ज्ञ नाहीत."

"त्या नदीवर त्यांनी सव्वीस वर्षं काम केलंय. पाहुण्यांनी तीन तास."

"तू फार मनावर घेतेयस," त्या शांतपणे म्हणाल्या. "सगळ्यांच्याच भावना असतात."

भावना! तारखांसकट आकड्यांना त्या भावना म्हणत होत्या. पुस्तिकेत शेवटी एवढंच छापलं गेलं: 'त्यानंतर श्रोत्यांशी मनमोकळी चर्चा झाली.'

पुस्तिका तज्ज्ञांना आणि इतर वाचकांना पाकिटांत घालून पाठवायचं कामही माझंच होतं. मी तिच्या प्रश्नांचं एक वेगळं पान टाइप केलं, खाली माझं नाव घातलं, घरून प्रती काढून आणल्या आणि प्रत्येक पाकिटात एकेक सरकवली. चोरून केलं असं मला वाटलं नाही, तरी दार मात्र लावून घेतलं होतं.

रविवारी मोठ्या ऐटीत एक प्रत तिला नेऊन दिली. तिनं चष्मा लावून वाचली आणि तिचा चेहरा लाल झाला.

"हे काय लिहिलंय?" तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'मोल्दोव्हातून आलेल्या आणि सध्या एका वृद्धाची देखभाल करणाऱ्या एका महिलेनं विचारलेले प्रश्न.'

"खोटं नाहीये ना?" मी गांगरून म्हटलं.

"पुस्तिकेत त्या तज्ज्ञांच्या नावापुढे ते काय काम करतात ते लिहिलंस. माझ्यापुढे मी कुणाला आंघोळ घालते ते. तूही तेच केलंस."

मी काकांकडे पाहिलं. वाटलं, ते काहीतरी बोलून सावरून घेतील. काका म्हणाले, "बरोबर बोलतेय ती." मराठीत म्हणाले, म्हणजे माझ्यापुरतंच.

माफी मागितली, पण माफीनं काय होतं? पाकिटं गेली होती. घरी आल्यावर मी भांडी आपटली. मुलीनं विचारलं, "आई, व्हाय आर यू सो मॅड?" कुणावर चिडलेय ते मला सांगता येईना. तज्ज्ञांवर होतेच. डायरेक्टर बाईंवर होते. पण मी स्वतः राज्यशास्त्र शिकवलेली बाई, पाच वर्षं या गावात कुणाची तरी बायको म्हणून ओळखली गेलेली, आणि मलाच ती ओळ लिहिताना काही खटकलं नव्हतं.

आठवड्याभरात संस्थेला कळलं. मला बोलावून सांगितलं की तुमच्या कामाची आता गरज नाही. मी वाद घातला, अगदी रिसेप्शनपर्यंत ऐकू जाईल असा. पांढऱ्या केसांच्या गृहस्थांकडून काही उत्तर आलं नाही. बाकीच्यांपैकी एकाच माणसानं लिहिलं. मिनेसोटातल्या एका विद्यापीठात नद्यांवर संशोधन करणारा कुणी होता. त्याला तारखा हव्या होत्या.

तिनं त्याला अकरा पानांचं पत्र हातानं लिहिलं. मी टाइप केलं. पहिली ओळ तिनं सांगितली आणि मी बोट न अडखळता उतरवली, 'मी जलशास्त्रज्ञ असून प्रुत नदीवरील केंद्राची माजी प्रमुख आहे.' पुढे त्या दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला. तिच्या जुन्या नोंदी त्यानं मागवून घेतल्या. तिनं सहकाऱ्याकडून झेरॉक्स मागवल्या, त्या टपालानं यायला दोन महिने लागले.

२००८ च्या उन्हाळ्यात प्रुतला मोठा पूर आला. इथल्या वर्तमानपत्रात त्यावर बोटभर मजकूर होता. ती दर दोन तासांनी मोल्दोव्हाला फोन लावत होती. बहीण सुखरूप होती, पलीकडच्या काठावर वरच्या गल्लीत गेली होती. केंद्राची खोली छपरापर्यंत बुडाली.

पाणी ओसरल्यावर तिच्या खात्यानं जुन्या माणसांना परत बोलावलं. ती म्हणाली, जाते. तिचा मुलगा नाराज होता, काका तर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. विमानतळावर मी तिला सोडायला गेले. वाटेत मी पुन्हा त्या ओळीबद्दल काहीतरी पुटपुटायला लागले, तर तिनं मला थांबवलं.

"बहिणीकडे जायच्या व्हिसाचा अर्ज केलाय," ती म्हणाली. "नोकरीचं पत्र लागतं म्हणे. आता आहे माझ्याकडे."

रुमानियानं तो व्हिसा तिला पहिल्या खेपेला नाकारला.