आरसामिस्त्री प्रोजेक्टर घेतो

आरसामिस्त्रीला बहुतेक माणसांची कीव यायची, आणि कीव करायला वेळ नसला की तो त्यांना सरळ तुच्छ लेखायचा. कुणाच्याही घरात शिरला की चपला काढायच्या आधी तो भिंत बघायचा, आणि भिंत बघितली की त्या घराण्याबद्दल त्याला जे काही समजून घ्यायचं असेल ते समजायचं. "पोपडे निघालेत, आणि त्यावर लग्नाचे फोटो टांगलेत निर्लज्जासारखे!" असं तो जिन्यात म्हणायचा, मालकाला नीट ऐकू जाईल अशा बेताने.

रंगकामात त्याला एकतीस वर्षं झाली होती. त्याने रंगवलेल्या भिंतीत माणसाला स्वतःचं तोंड दिसायचं, म्हणून आरसामिस्त्री. काम संपलं की तो खोलीतले दिवे बंद करायचा, लांब वायरचा बल्ब भिंतीला अगदी चिकटवून धरायचा आणि उजेड आडवा सोडायचा. त्या आडव्या उजेडात भिंतीचं सगळं पाप बाहेर येतं. कुठे खड्डा, कुठे फुगवटा, कुठे पट्टीचा ओरखडा. दुसऱ्या रंगाऱ्यांच्या कामावर हा बल्ब लावून दाखवायची त्याला भारी हौस. चार जणांच्या पोटावर त्याने असाच पाय दिला होता, आणि त्याचं त्याला काडीचंही वाईट वाटत नव्हतं.

हा माणूस प्रोजेक्टरच्या भानगडीत पडला तो मुलीमुळे. मुलगी तीन वर्षांपूर्वी नर्स व्हायला लांबच्या शहरात गेली. ती बॅग भरत होती तेव्हा मिस्त्री दारात उभा राहून म्हणाला होता, "शिकून काय करणार, तर परक्यांच्या घाणी उपसणार! त्यापेक्षा माझ्याबरोबर ब्रश धरला असतास, तर तुझ्या हातच्या चार भिंती तरी लोकांनी बघितल्या असत्या."

"तुम्ही भिंतींशीच बोला, बाबा," असं म्हणून पोरीने चेन ओढली आणि ती गेली. तेव्हापासून तिचा फोन यायचा तो आईला. मिस्त्रीच्या वाट्याला "जेवलात का?" एवढंच यायचं, आणि तो "हो" म्हणायचा.

आता तिचं शिक्षण संपलं होतं. सगळ्या मुली हातात दिवा घेऊन एकेक करून स्टेजवर येणार, शपथ घेणार, आणि तो कार्यक्रम मोबाइलवर लाइव्ह दिसणार. एकदाच. नंतर बघायची काही सोय नाही, असं कॉलेजने कळवलं होतं. बायकोचे दोन्ही गुडघे नुकतेच बदललेले, तिला अठरा तासांचा प्रवास झेपणारा नव्हता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं.

"मोबाइलवर ती मला मुंगीएवढी दिसते हो," बायको म्हणाली. "मला तिचं तोंड बघायचंय. बाकी काही नको. धुण्याचं मशीन घ्यायला पैसे ठेवलेत ना, त्यात जे बसेल ते घ्या."

"टीव्ही घेऊ."

"त्या पैशात येणारा टीव्ही खिडकीच्या फळीएवढा. आणि भिंतीत भोकं पाडाल तुम्ही?"

भिंतीत भोकं म्हटल्यावर विषयच संपला. मिस्त्रीने आपल्या घरच्या समोरच्या भिंतीत एकवीस वर्षांत एक खिळासुद्धा ठोकू दिला नव्हता. कॅलेंडर दाराच्या मागे होतं.

बायकोच्या भावाला हे कळलं, आणि तो मोबाइल नाचवत आला. या मेहुण्याला प्रत्येक विषयातलं कळायचं, कारण त्याने प्रत्येक विषयावरचा एकेक व्हिडिओ बघितलेला असायचा. "भावोजी, प्रोजेक्टर! नऊ हजार ल्युमेन! ल्युमेन म्हणजे उजेड. भर दुपारी बघा, अंगणात बघा. आणि किंमत ऐकलीत तर हसाल."

"मी न ऐकताच हसतोय," मिस्त्री म्हणाला. तरी दोघं दुकानात गेले.

दुकानात एक मुलगी होती, मिस्त्रीच्या मुलीपेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठी असेल. तिने मेहुण्याचा तो नऊ हजारी डबा काढून लावला. पडद्यावर काजवा मेल्यासारखा उजेड पडला. कोपऱ्यातली अक्षरं तर कुणी ओल्या बोटाने पुसावीत तशी.

"नऊ हजार?" मिस्त्रीने मेहुण्याकडे असं बघितलं की तो बिचारा स्टँडवरच्या वायरी मोजायला लागला.

"काका, खोक्यावर काहीही छापतात," मुलगी शांतपणे म्हणाली. "नीट मोजलेला आकडा वेगळा असतो, आणि तो लहान असतो. हे दुसरं बघा. याचा चारशे आहे, पण खरा आहे. खोक्यावर मोठ्या चित्राच्या बाता नाहीत, पण जे येतं ते स्वच्छ येतं." तिने ते लावलं. चित्र खरोखरच स्वच्छ होतं. मिस्त्री पडद्याजवळ जाऊन चारही कोपरे नाक लावून तपासून आला, आणि त्याला नाव ठेवायला काही सापडेना, त्यामुळे त्याचं डोकं जास्तच फिरलं.

मुलगी विचारत राहिली. खोली किती लांब? बघणार किती वाजता? खिडकी कुठल्या बाजूला? बसणार कोण, कुठे? मिस्त्री एका शब्दात उत्तरं देत होता. सकाळी अकरा म्हटल्यावर ती म्हणाली, "मग खिडकी पूर्ण झाका. चारशेला भरपूर अंधार लागतो. आणि पडदा घेणार का?"

"पडदा कशाला? भिंत आहे."

"भिंतीला रंग कुठला आहे? चकचकीत असेल तर..."

इथे मिस्त्री हसला. दुकानातली सगळी माणसं वळून बघतील असा हसला. "ए पोरी, तुझं वय काय? तू जन्मालाही आली नव्हतीस तेव्हापासून मी भिंती करतोय. वायरी विकायच्या तर वायरी विक. भिंत मला शिकवू नकोस."

मुलीने बिल केलं. बाहेर आल्यावर मेहुणा म्हणाला, "ती काहीतरी सांगत होती, भावोजी."

"सांगणारे खूप असतात," मिस्त्री म्हणाला. "तूच बघ ना."

कार्यक्रमाला अकरा दिवस होते. मिस्त्रीने हातातली दोन कामं पुढे ढकलली, त्यातल्या एका मालकाला "तुमची भिंत पळून जात नाही" असं फोनवर सुनावलं, आणि घरची भिंत खरवडायला घेतली. बायकोची खाट आतल्या खोलीत सरकवली. पुट्टीचे तीन हात दिले, घासले, बल्ब लावला, पुन्हा घासले. चौथ्या दिवशी त्या कोऱ्या पुट्टीवरच प्रोजेक्टर लावून बघितला. खिडकीला ताडपत्री, स्टुलावर मशीन. मुलीने पाठवलेला होस्टेलचा एक व्हिडिओ लावला, तर भिंतीवर पोरगी हातभर तोंडाची, हसताना एका बाजूचा दात पुढे आलेला सुद्धा दिसणारी. बायको खुर्चीतून बघत होती. तिने पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "अहो, हे छान आहे. आता राहू द्या असंच."

"असंच?" मिस्त्री भडकला. "ही भिंत आहे की खडू? अजून रंग कुठे दिलाय? अगं, माझ्या घरात, माझ्या मुलीचा कार्यक्रम, आणि पुट्टीवर बघायचा? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"लोक कुठे येणार आहेत? मी एकटी बघणार."

पण ते त्याला ऐकूच गेलं नाही. खरं सांगायचं तर त्याला ती भिंत बायकोला दाखवायचीच नव्हती. आपल्या पोरीला मान द्यायचा त्याला एवढा एकच मार्ग ठाऊक होता, आणि तो मार्ग रंगाच्या डब्यात मिळायचा. प्रायमर झाला. मग पांढराशुभ्र ऑइलपेंट, एक हात, दोन हात, तीन हात, मधे प्रत्येक वेळी बारीक पॉलिश पेपरने घासणं. शेवटचा हात दोन दिवस आधी दिला आणि बल्ब लावून बघितलं. एक ओरखडा नाही. आडवा उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्यावरून जावा तसा गेला. एकतीस वर्षांत अशी भिंत झाली नव्हती. तो बराच वेळ तिच्यासमोर उभा राहिला आणि ओल्या रंगात स्वतःचंच तोंड बघत राहिला.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दहा वाजता ताडपत्री चढली. बायको नवी साडी नेसून खुर्चीत बसली, जसं काही तिलाच स्टेजवर जायचंय. मेहुणा मोबाइल जोडायला आला होता. भिंतीवर स्टेज उमटलं, माणसं हलायला लागली, आणि बरोबर मधोमध एक पांढरा जाळ पेटला. बशीएवढा. डोळ्यात सुई घालणारा.

"मशीन खराब आहे," मेहुणा म्हणाला.

मिस्त्रीने स्टूल डावीकडे सरकवलं, जाळ सरकला. खाली केलं, जाळ खाली गेला, पण विझला नाही. बायकोची खुर्ची दोघांनी उचलून भिंतीच्या बाजूला नेली तर तो तिच्या मागोमाग आला. मशीनचा उजेड त्याच्या आरशात पडत होता आणि आरसा तो इमानदारीने परत फेकत होता. दुकानातल्या पोरीचं ते अर्धं राहिलेलं वाक्य मिस्त्रीच्या डोक्यात आता पूर्ण झालं.

स्टेजवर बाई नावं वाचायला लागल्या. सभागृहात अंधार केला. पहिली मुलगी हातात दिवा घेऊन मधे येऊन उभी राहिली आणि जाळात तिचं तोंडच नाहीसं झालं. नुसता पांढरा पोशाख आणि खाली दोन हात.

"हिचं तोंड कुठंय?" बायको म्हणाली. मग तिला कळलं. "अहो, आपल्या पोरीचंही असंच होणार का?"

"चादर लावू," मेहुणा म्हणाला आणि आत धावला. त्याने आणलेली पहिली चादर मोठमोठ्या फुलांची. दुसरी पांढरी, पण ती मिस्त्री कामावर अंथरायचा, त्यावर सगळ्या गावच्या घरांचे रंग सांडलेले. रंगाऱ्याच्या घरात एक कोरी चादर नव्हती. "किती नंबरला आहे ती?" मेहुण्याने विचारलं.

"एकोणिसावी," बायको म्हणाली. स्टेजवर सहावी होती. बायको खुर्चीचे हात धरून उठायला बघत होती, त्या नव्या गुडघ्यांवर, भिंतीजवळ जायला. "मी जवळ जाऊन बघते. जवळून दिसेल."

"बस तू!" मिस्त्री ओरडला. "खाली बस!"

त्याने कामाची पिशवी उपडी केली, पॉलिश पेपरचा जाडा तुकडा घेतला, ठोकळ्याला गुंडाळला आणि भिंतीला भिडला. पहिला हात मारला तेव्हा जो आवाज झाला तो ऐकून मेहुण्याने डोळे मिटून घेतले. मिस्त्रीने मिटले नाहीत. दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून, गोल गोल, त्याने आपली भिंत फाडून काढली. रंग अजून पुरता मुरला नव्हता, पेपर भरत होता, तो पेपर फेकायचा आणि दुसरा घ्यायचा. त्याच्या पाठीवर, मानेवर, पांढऱ्या केसांवर स्टेज हलत होतं, मुली दिवा घेऊन येत होत्या आणि जात होत्या. तोंडाने तो शिव्या देत होता. कुणाला ते कळत नव्हतं. मेहुण्याला वाटलं आपल्याला, पण या खेपेला त्या त्याला नव्हत्या.

"सतरावी झाली," बायको म्हणाली. मग, "अठरावी. अहो, बाजूला व्हा. बाजूला व्हा ना!"

त्याने बाहीने धूळ पुसली आणि तो खाली बसला, भिंतीच्या पायाशीच, कारण बाजूला जायला वेळ नव्हता. बाईंनी नाव घेतलं. पोरगी मधे आली, दिवा हातात, बरोबर त्या खरवडलेल्या जागेत उभी राहिली. जाळ नव्हता. हातभर तोंड, खालून दिव्याचा उजेड, आणि हसू आवरताना पुढे आलेला तो दात. ती शपथ बोलत होती आणि तिच्या आईचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, शब्द माहीत नसताना. मिस्त्री मान वर करून बघत होता. एवढ्या जवळून त्याला नीट दिसतही नव्हतं, नुसते रंगाचे ठिपके. तरी तो मान खाली घालेना.

"दिसली का गं?" त्याने विचारलं.

"दिसली," बायको म्हणाली. "सगळी दिसली."

दोन महिने झाले. दुकानातल्या मुलीला मिस्त्रीने हे काही सांगितलं नाही, आणि कधी सांगेल असंही वाटत नाही. लोकांच्या भिंतींना तो अजून नावं ठेवतो. परवा एक नवा मालक कामाचा नमुना बघायला त्याच्या घरी आला. भिंतीसमोर उभा राहून त्याने तोंडात बोटं घातली. मग त्याचं लक्ष मधे गेलं, जिथे सुपाएवढा भाग मळकट, ओरखड्यांनी भरलेला होता.

"मिस्त्री, सगळी भिंत आरसा, आणि इथे हे काय झालंय? एक हात मारून टाका ना."

मिस्त्रीने त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, त्या त्याच्या जुन्या नजरेने.

"हात लावू नका," तो म्हणाला. "तिथे माझी मुलगी उभी होती."